अर्ध्या तासाच्या आतलं

दवाखान्याच्या वर माझी खोली.
पलंग, किटली, नदीकडची खिडकी
आणि उशीशी ऑन-कॉलचा फोन.
त्याची रिंग मला आता
सुट्टीच्या दिवशी नळाच्या पाण्यातही ऐकू येते.

आठवड्यातल्या तीन रात्री मी इथे ‘झोपते’.
शब्द करारातला.
फोन वाजेपर्यंत ती विश्रांती,
वाजला की काम,
आणि अर्ध्या तासाच्या आतलं काम
धरायचं नाही.

रात्रपाळीत ‘शांत’ हा शब्द आम्ही उच्चारत नाही.
नव्या मुली हसतात, मग एका मार्चमध्ये शिकतात.
मार्चमध्ये साऱ्या खोऱ्यातल्या मेंढ्या
एकाच रात्री विण्याचं ठरवतात.

काल गेथिन असाच कुठेतरी वर डोंगरात,
दंडापर्यंत हात मेंढीच्या आत,
फोनला रेंज नाही.
खाली माझ्याकडे दोघं :
लघवी तुंबलेला एक बोका, नळी लावलेला, रागीट,
आणि पोटाला पीळ पडलेली ग्रेहाउंड,
संध्याकाळीच शिवलेली.
तिच्या हृदयाचे ठोके मधूनच अडखळायचे,
अंधारात पायरी चुकावी तसे.
मी जिन्यावरून अनवाणी उतरायची,
तिच्या छातीवर हात ठेवून घड्याळ बघायची,
वर यायची.
गादी गरम व्हायच्या आत पुन्हा खाली.
कुणी बोलावलं नव्हतं मला.
तेव्हा ती विश्रांतीच.

तीन चाळीसला फोन.
पुलापलीकडच्या प्रिदर्च बाई.
“पेरो गेला,” म्हणाल्या. “तुम्ही काही करायचं नाहीये.
मुलगा कॅनडात आहे, तिकडे जेवायची वेळ,
त्याचा घास कशाला अडवू?
म्हटलं, कुणाला तरी सांगावं.”

मी पलंगावर उठून बसले.
कुठे आहे तो?
स्वयंपाकघरात, चुलीपाशी, लादीवर.
मग मी त्यांना सांगितलं
चौदा वर्षांत शंभरदा सांगितलंय ते :
अंगाखाली जुना टॉवेल घाला,
पाय पोटाशी दुमडून ठेवा,
झोपताना घेतो तसे,
नंतर ते वळत नाहीत.

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज.
खुर्ची सरकली. गुडघे टेकताना एक कण्हणं.
मग बराच वेळ काहीच नाही, फक्त फ्रिजची घरघर
आणि त्या कुत्र्याशी हळू वेल्शमध्ये काही बोलत होत्या,
मला म्हणून नव्हे.

परत आल्या.
“डोळे मिटत नाहीयेत त्याचे. मी तीनदा मिटले.”
कुत्र्यांचे मिटत नाहीत, मी म्हटलं.
तुमचं काही चुकलेलं नाही.
“असं होय,” म्हणाल्या.
आणि तेव्हा कुठे रडल्या.

चार सहाला त्यांनी फोन ठेवला,
माझी झोपमोड केली म्हणून माफी मागून.
त्यानंतर डोळ्याला डोळा लागला नाही.
बोक्याची पिशवी रिकामी केली,
त्याने कृतज्ञतेने मनगट ओरबाडलं.

सकाळी फॉर्म भरला.
वेळ : ३.४० ते ४.०६.
रुग्ण : पेरो, मेंढ्यांचा कुत्रा, नर.
उपचार या रकान्यापाशी पेन थांबलं.
मग लिहिलं, टॉवेल.
हेफिना त्यावर पेन्सिलीने रेघ मारेल.
तिचाही दोष नाही,
तिला तो तक्ता वरून तसाच येतो.

साडेआठला ती आली, कोटावर गारठा घेऊन,
दिवे लावत, कॅलेंडरचं पान उलटत.
माझी दिवसपाळी तेव्हाच सुरू झाली होती,
पहिला ससा टेबलावर होता.
“काय, रात्र शांत गेली ना?”
उजेडातली माणसं हा शब्द सहज वापरतात.

मी म्हटलं,
ग्रेहाउंड उभी राहिली.
थोडं पाणीही प्यायली.